नुसती सायकल धरली

बाभूळवस्ती, कोल्हारजवळ
११ फेब्रुवारी १९७३

चि. मच्छिंद्रा,

आमच्या शेजारचा छगन आज एस.टी.ने नगरला निघाला आहे. त्याच्या हाती पत्र आणि आमची विजू दोन्ही धाडते आहे, आता भिंगारपर्यंत दोन्ही नीट पोचवणं त्याच्याकडे. आधी तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू महिनाभर विचार करत बसला असतास, आणि तोवर परीक्षा होऊन गेली असती. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

इथे शाळा नावाला उघडते. मास्तर येतात, पोरं पाझर तलावाच्या कामावर असतात. ह्या दुष्काळात शंभर एकरवालेसुद्धा खडी फोडायला बसले आहेत. मी जाते, तुझे दाजी जातात, आमचे थोरले दीर कारभारी भावजीही जातात. ते हातोड्यापेक्षा मिशीवरच जास्त हात फिरवतात, ते सोड. हजेरी घ्यायला दानीएल नावाचा मुकादम आहे, ख्रिस्ती वस्तीतला, मिशनच्या शाळेत शिकलेला. परवा तो ओढ्यात सायकलवरून पडला आणि पाय मोडून बसला. इथली बातमी म्हणशील तर एवढीच.

विजूला त्याबद्दल काही विचारू नकोस. नुसती बातमी ऐकून पोर घाबरली आहे. तिला चौथीत बसव, वेणी घट्ट घालायला सांग, आणि नळाचं पाणी पाहून ती हरखेल, तिला उधळू देऊ नकोस. तुझ्या बायकोला म्हणावं, नणंदेचा हा त्रास तेवढा सोस.

तुझी
मनकर्णा अक्का


भिंगार
२५ फेब्रुवारी १९७३

ती. अक्कास मच्छिंद्रचा नमस्कार.

पोर पोचली. मी विचार करत बसलो नाही, दुसऱ्याच दिवशी शाळेत नाव घातलं. एवढं वय झालं तरी मला टोमणे मारायचं तुझं सुटत नाही.

विजूची एक गंमत ऐक. बाईंनी वर्गात गोष्ट सांगितली. एका माळ्याच्या बागेत शेळी शिरली, माळ्याने दगड भिरकावून तिचा पाय मोडला, तर चूक कुणाची? कुणी म्हणालं शेळीची, कुणी म्हणालं माळ्याची, एकजण म्हणाला कुंपण न घालणाऱ्याची. विजू उभी राहिली आणि तिने उलट बाईंनाच विचारलं, "शेळी कुनाची हुती?" बाई म्हणाल्या, असेल कुणाची तरी. तर म्हणते, "मग कसं सांगनार?" बाई मला बाजारात भेटून हे सांगत होत्या, मी हसून बेजार झालो. आपल्या घरात वकील निपजणार असं दिसतं.

दुसरं. मी तिला काही विचारलं नव्हतं. जेवताना तीच बोलली. मुकादम पडला नाही म्हणे. "थोरल्या बाबांनी मारलं, काकांनी मारलं. आमच्या बाबांनी न्हाई मारलं. बाबांनी नुसती सायकल धरली." बापाचा तिला केवढा अभिमान वाटत होता. मलाही बरं वाटलं. दाजी पहिल्यापासून शहाणे.

आता तू आपल्या आईसारखी वाग. पाथर्डीकडे आपल्या गावात वर्षाआड कुणाचं ना कुणाचं डोकं फुटायचं. बाहेर आरडाओरडा सुरू झाला की आई दाराला कडी घालायची आणि आपल्याला पाढे म्हणायला लावायची, मोठ्याने. एकोणतीसचा पाढा आपण अशा आवाजात म्हणायचो की बाहेरचं काही कानावर येत नसे. त्यामुळेच आपण दोघं धडधाकट राहिलो. शिवाय मी आजही लष्कराच्या डेपोतल्या बेरजा तोंडी करतो आणि साहेब बघत राहतात, तो फायदा वेगळाच.

तुझा
मच्छिंद्र


बाभूळवस्ती
१० मार्च १९७३

मच्छिंद्रा,

विजूने पाहिलं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. ती खाली झऱ्यावर हंडा भरत होती असं मी समजत होते. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. आता खरं वाच, आणि हसू नकोस.

कारभारी भावजी आठवड्यातून दोन दिवस कामावर यायचे आणि पुऱ्या आठवड्याची हजेरी मागायचे. दानीएलने लावली नाही. चार माणसांत त्याने सांगितलं, "मालक, आलात तर लावीन. न आलेल्याची कशी लावू?" सूर काही वाकडा नव्हता. पण आमच्या माणसांना त्याच्यापुढे रांगेत उभं राहून नाव पुकारून घेणंच आधीपासून झोंबत होतं. दिवस फिरले म्हणून खडी फोडली, ती दानीएलच्या हुकमात फोडावी लागते, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

काम सुटल्यावर चौघांनी त्याला ओढ्यात अडवलं आणि कुदळीच्या दांड्यांनी झोडपलं. कारभारी भावजी आणि तिघं चुलत दीर. मी आणि वस्तीतली रंगुबाई सरपणाच्या मोळ्या घेऊन वरच्या अंगाला होतो. ह्यांनी हात उचलला नाही हे खरं आहे. दानीएल सायकलवरून उतरला तेव्हा ह्यांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि बाभळीखाली नेली. स्टँड मोडका होता, म्हणून तिला धरून उभे राहिले. सायकल पडू नये, तिला खरचटू नये, एवढी काळजी. माणसाचा पाय मोडून होईपर्यंत ते तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी भैरोबाच्या देवळात वस्तीतल्या झाडून सगळ्या पुरुषांनी बेलभंडारा उचलला. तळहातावर बेलाचं पान, त्यावर हळदीचा भंडारा, आणि शपथ काय, तर मुकादम सायकलवरून पडला, आम्ही दुसरं काही पाहिलं नाही. असा उचललेला बेलभंडारा मोडायची इथे कुणाची छाती नाही. फौजदार आले, सगळे एका सुरात बोलले. दानीएलने जबाब दिला आहे, पण त्याला दुजोरा देणारा साक्षीदार एकही नाही.

आता पाढ्यांचं. तू लहान होतास, तुला ऐकू येत नसेल. मला यायचं. पाढा म्हणता म्हणता मी बाहेरचा आवाज ओळखायचे. ओरडणारा आपल्यातला नसला की मला सुटल्यासारखं वाटायचं आणि पुढचा पाढा मी आणखी जोरात म्हणायचे. विजूने शेळी कुणाची ते विचारलं, ते काही वकिलाचं डोकं नाही. माझं डोकं आहे ते, आणि मला आईकडून मिळालेलं. त्या दिवशी ओढ्यातसुद्धा मी आधी मारणारे कोण ते पाहिलं, आणि ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं. ह्याचा मला एवढा संताप आला आहे की हातोडा खडीवर पडतो का बोटावर ते कळत नाही.

दानीएल नगरच्या दवाखान्यात आहे. भिंगारहून तुला चालत जाता येईल. जा आणि त्याला बघून ये.

अक्का


भिंगार
२२ मार्च १९७३

ती. अक्कास,

मी दवाखान्यात गेलो नाही आणि जाणार नाही. लष्करी खात्यातली नोकरी आहे. पोलिसांच्या कागदावर नाव आलं तर साहेब दोन शब्दही ऐकून घेणार नाहीत.

आणि तुझ्या मनात काय चाललं आहे ते मला न लिहिता कळतं. नवऱ्याला बेड्या घालायच्या आहेत का तुला? जमीन कोण पाहील, उद्या विजूचं लग्न कोण जमवील, जावा-दिरांच्या त्या वस्तीत तुला पाणी तरी कोण देईल? तो दानीएल बरा होईल, दुसऱ्या कामावर जाईल. तुला जन्मभर तिथेच राहायचं आहे. तुला माहेर म्हणून मी एकटा उरलो आहे, तेव्हा आईच्या जागी बसून सांगतो, दाराला कडी घाल.

विजूची चिंता सोड. ती तुझ्यापेक्षा समजूतदार आहे. आमच्या शेजारच्या खोलीत दीनाबाई म्हणून नर्स राहतात, ख्रिस्ती आहेत. त्यांची दया विजूच्याच वर्गात. परवा शाळेच्या नळावर नंबरावरून तंटा झाला. चार-पाच पोरींनी दयाला घेरलं, वेण्या धरून वाकवलं, चांगलं बुकललं. आपल्या विजूने कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. उलट दयाचं दप्तर भिजू नये म्हणून ते छातीशी धरून बाजूला उभी राहिली, आणि सगळं थांबल्यावर ज्याचं त्याला परत दिलं. घरी येऊन सांगत होती, "मी न्हाई मारलं मामा, मी नुसतं दप्तर धरलं." तुझ्या भावजयीला एवढं कौतुक वाटलं की तिने तिला गूळ-शेंगदाणे दिले.

मच्छिंद्र


बाभूळवस्ती
४ एप्रिल १९७३

मच्छिंद्रा,

गूळ-शेंगदाणे दिलेत! माझं पत्र तुझ्याजवळ होतं, त्यात सायकलीचं मी सगळं लिहिलं होतं, आणि तरी तुला ते दप्तर दिसलं नाही? तू बेरजा तोंडी करतोस ना? मग ही एवढी साधी बेरीज तुला का जमली नाही?

तुझं पत्र वाचलं आणि मी उठले. ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. विचारलं, देवळात बेलभंडारा उचलला तेव्हा माझ्या हातावर कुणी भंडारा ठेवला होता का? म्हणाले, नाही. बायकांना कुणी बोलावलंच नव्हतं. घरच्या पुरुषाने उचलला की अख्खं घर बांधलं जातं, अशी इथली रीत. आमचं तोंड आमच्या वतीने तेच मिटून आले होते. मी म्हटलं, मग मी मोकळी आहे. उद्या फौजदाराकडे जाते.

ते म्हणाले, "माजं नाव घेशील?"

"घेईन. केलंत तेवढंच सांगेन. मारलं म्हननार न्हाई, सायकल धरली म्हनेन."

"त्यात काय गुन्हा हाय?"

मी म्हटलं, ते ठरवायला सरकार बसलं आहे. मी पाहिलं ते सांगणार. आणि विजूने नळावर काय केलं तेही त्यांना वाचून दाखवलं. त्यावर ते उठून गोठ्यात गेले, जेवायला आले नाहीत.

मी आणि रंगुबाई गेलो. रंगुबाई विधवा, तिच्या घरात शपथ उचलायला पुरुषच नाही, त्यामुळे तिच्या तोंडाला कुलूप घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ठाण्यातल्या हवालदाराने पेन उघडण्याआधी विचारलं, "कुनाच्या तुमी?" मी म्हटलं, आधी काय झालं ते लिहा, कुणाची ते शेवटी सांगते. दोघींनी जबाब दिला, दोघींनी सही केली. तिची सही अंगठ्याची, पण माझ्यापेक्षा ठसठशीत.

संध्याकाळी कारभारी भावजी अंगणात आले. लग्नाला तेरा वर्षं झाली, थोरल्या दिरासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावर पदर घेतला आणि उघडलं. ते म्हणत होते, देवाच्या दारातली शपथ मोडलीस, घराण्याला काळं फासलंस, वंश बुडेल. मी म्हटलं, "भावजी, शपथ तुमची हुती, ती तुमी सांबाळा. तुमी देवाला बोलावलं, मला बोलवायचं इसरलात."

आता कामावर माझ्या शेजारी रंगुबाईशिवाय कुणी बसत नाही. जावेने आमच्या आडाचा दोर काढून नेला, दानीएलच्या बायकोने तिच्या घरचा धाडला. पाणी कोण देईल म्हणून तू विचारत होतास, म्हणून कळवते.

विजूला दयाची माफी मागायला लाव. आणि पुन्हा कुणी तिला अशा गोष्टीसाठी गूळ दिला तर मी स्वतः भिंगारला येईन.

अक्का


भिंगार
२० एप्रिल १९७३

ती. अक्कास,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहायला बसलो होतो. चार ओळी रागाच्या लिहिल्या आणि फाडल्या.

विजूला म्हटलं, दयाकडे जा आणि चुकलं म्हण. ती म्हणाली, "मी मारलं कुटं? आन् दया आपल्यात कुटं हाय?" अक्का, माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. खरंच की, आपल्यात कुठे आहे, असंच मी म्हणणार होतो. नऊ वर्षांच्या पोरीला मी ते हसत हसत सांगणार होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून दयाचं खोकणं ऐकू आलं. ती पलीकडे होती, तिने ऐकलं असणार. मला माझ्याच घरात कुठे बघावं ते कळेना. विजू गेली नाही. जबरदस्ती करायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मीच दीनाबाईंबरोबर दवाखान्यात गेलो. दानीएलचा पाय प्लास्टरमध्ये आहे, लंगडत का होईना चालेल असं डॉक्टर म्हणतात. मी कोण ते सांगितलं. वाटलं होतं तोंड फिरवील. त्याने मला खाटेवर बसायला जागा केली. तुझ्या जबाबाचं त्याच्या कानावर आलं होतं. म्हणाला, "तुमचे दाजी दिसले तवा मला धीर आला हुता. सायकल हातातनं घेतली, तवा वाटलं ह्यो मानूस आता मदी पडनार." मग सायकल कुठे आहे तेवढं त्याने विचारलं.

मला अजून भीती वाटते. ते लपवत नाही. पण आईच्या जागी बसून तुला सांगितलं ते मी मागे घेतो.

मच्छिंद्र


बाभूळवस्ती
६ सप्टेंबर १९७३

मच्छिंद्रा,

मध्ये चार महिने फक्त कार्डांवर खुशाली कळवली, कारण लांब लिहिण्यासारखं काही नव्हतं. आमचं बोलणं इथे कुणाशी होत नाही. तलावाचं काम सुटलं, बाजरी कमरेएवढी झाली, खुरपायला मी आणि रंगुबाई दोघीच. वंश अजून बुडालेला नाही.

दानीएलचं बोलणं मी ह्यांना वाचून दाखवलं होतं. ह्यांनी दोनदा वाचायला लावलं. सायकल तोवर आमच्याच गोठ्यात होती. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तिचा स्टँड नीट करून आणला आणि भर दुपारी, वस्तीच्या मधल्या वाटेने ती हातात धरून ख्रिस्ती वस्तीत नेऊन दिली. कारभारी भावजी ओट्यावरून बघत होते. परत आल्यावर हे मला म्हणाले, "तू सांग काय सांगायचं ते." मी त्यांना माफ केलेलं नाही. भाकरी मात्र आता गोठ्यात न खाता घरात येऊन खातात.

सतरा तारखेला कोर्टात साक्ष आहे, नगरला. विजूला घेऊन ये. लहान पोरीला कशाला, असं म्हणशील. तिने ओढ्यातलं पाहिलं तेव्हा ती आणखी लहान होती. तिला पुढच्या बाकावर बसव. बापाचं नाव माझ्या तोंडून ऐकून ती माझ्यावर चिडेल, मला ठाऊक आहे. चिडू दे. कान झाकू नकोस, बाहेर नेऊ नकोस, आणि तिचा हात धरून मनातल्या मनातसुद्धा पाढे म्हणू नकोस.

अक्का


भिंगार
२ ऑक्टोबर १९७३

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

कोर्टातून तुम्ही दोघं एकाच एस.टी.त चढलात. आरोपी आणि साक्षीदार. दाजींनी खिडकीतून दोन तिकिटं घेतलेली मी पाहिली. तुझ्याशी बोलायला मला जागाच मिळाली नाही, म्हणून आता लिहितो.

तू पिंजऱ्यात उभी होतीस, तुला विजू दिसत नसावी. आरोपींच्या वकिलाने तुला विचारलं, आरोपी तुमचे कोण? तू एकेकाकडे बोट करून सांगितलंस, थोरले दीर, हे तिघं चुलत दीर, हे माझे मालक. मग त्याने विचारलं, आणि हा दानीएल तुमचा कोण? "कुनी न्हाई," तू म्हणालीस, "पाहिलं म्हनून आले." विजूने माझा हात सोडला आणि ती बाकाच्या कडेला सरकून बसली. निकाल काय लागेल देव जाणे. वकील म्हणतात, सहजासहजी सुटणार नाहीत.

घरी आल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. आईनं बाबांचं नाव का घेतलं, एवढंच विचारायची. मी म्हटलं, बाबा तिथे होते म्हणून. ते तिला पटलं नाही. मी पटवत बसलो नाही.

काल शाळेतून आली ती खालचा ओठ सुजवून. फ्रॉकची बाही उसवलेली. मागे दया, तिचीही तीच गत. नळावर पोरींनी पुन्हा दयाला घेरलं होतं. ह्या वेळी दोघींनी मिळून मार खाल्ला, आणि दीनाबाई म्हणतात, थोडा दिलाही. दोन्ही दप्तरं चिखलाने माखलेली, वह्यांचा लगदा. तुझी भावजय ओरडली, अगं, दप्तर तरी नीट धरायचंस.

विजू म्हणाली, "मामी, दप्तर धरायला हात कुटं मोकळे हुते?"

गुळाचा डबा मी स्वतः काढला. दोघींना दिला. हे तुला कळवू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, कळवा, पण मी आईवर अजून रागावलेली आहे, तेपण लिहा. तेपण लिहिलं.

तुझा
मच्छिंद्र